आमच्या साडूंचं पॅनल

आमच्या थोरल्या साडूंइतकं बिघाडावर मनापासून प्रेम करणारा माणूस अंबरनाथच्या एमआयडीसीतच काय, कल्याणपासून कर्जतपर्यंत दुसरा झाला नसेल. चालत्या वस्तूत त्यांना काडीचा रस नव्हता. पंखा फिरतोय, फ्रिज गार होतोय, इस्त्री तापतेय, असं घरात सगळं सुरळीत असलं की हा गृहस्थ दुखणाईतासारखा पडून असे. आणि शेजारच्या बिऱ्हाडातून मिक्सर जळाल्याचा वास आला की ताडकन उठून बसे, डोळ्यांत चमक येई आणि 'जरा बघून येतो' म्हणत बनियनवर शर्ट चढवी. त्या शर्टाच्या खिशात, इतरांचं पेन असतं त्या जागी, टेस्टर असे. हा टेस्टर बाजारात, सत्यनारायणाला आणि एकदा तर मयतीलाही त्यांच्याबरोबर गेलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणायची, म्हणून मीही भाऊजीच म्हणू लागलो. ते मला साडूभाऊ म्हणत. या 'साडूभाऊ'मध्ये जिव्हाळा किती आणि 'तुम्हाला काय कळतंय' किती, याचं प्रमाण मला शेवटपर्यंत लागलं नाही.

माझ्या लग्नातच त्यांनी हा गुण दाखवला होता. दुसरं मंगलाष्टक चालू असताना माइक गेला, पाठोपाठ हॉलचे दिवे गेले. सगळी मंडळी हळहळली. एकटे भाऊजी खूश झाले. थोरले जावई म्हणून त्यांना नवा सफारी शिवला होता. त्या सफारीसकट ते व्यासपीठाखाली शिरले आणि मुहूर्त टळून गेल्यावर जाळ्या लागलेल्या डोक्याने बाहेर आले. माझ्या लग्नाच्या फोटोंत मी आणि नवरी यांच्या मधोमध खालून वर येणारं जे एक डोकं आहे, ते भाऊजींचं. गुरुजी कुरकुरले, तेव्हा भाऊजी त्यांना म्हणाले, "न्यूट्रल सैल होता गुरुजी. असल्या कनेक्शनवर लग्न लावायचं म्हणजे जबाबदारी कोणाची?" गुरुजी गप्प झाले. त्यांना न्यूट्रल म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेल्या शब्दाला घाबरण्याची पाळी आजवर त्यांच्या यजमानांवर येई, त्यांच्यावर ती पहिल्यांदाच आली होती.

दुसरी सवय उलट्या हाताची. कुठल्याही वस्तूला ते पहिल्यांदा हाताच्या पाठीनेच शिवत. याला शास्त्र आहे, आणि ते शास्त्र त्यांनी मला किमान चाळीस वेळा सांगितलं. शॉक बसला की मूठ आवळते. तळवा लावलेला असेल तर माणूस वायर घट्ट धरून बसतो, उलटा हात लावला असेल तर हात बाजूला फेकला जातो आणि माणूस वाचतो. हे शास्त्र मोटारीपुरतं ठेवावं की नाही? पण भाऊजी उल्हासनगरच्या बाजारात कलिंगडालाही उलटा हात लावत. फळवाला म्हणे, "साईं, तरबूज है, बिजली का खंबा नही है." यांच्यावर परिणाम शून्य. आमचा मुलगा झाला तेव्हा हॉस्पिटलात येऊन त्यांनी बाळाच्या गालाला हाताची पाठ लावली, क्षणभर थांबले आणि समाधानाने मान हलवली. बाळात करंट नव्हता.

आता पॅनलबद्दल. भाऊजी अंबरनाथच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल फोरमन होते. आयटीआय करून वायरमन म्हणून चिकटले आणि वर चढत गेले. कारखान्यात साबणाच्या वड्यांवर गुंडाळायचे छापील कागद कापून निघत. एका बाजूने कागदाचं भलंमोठं रीळ आत जायचं, दुसऱ्या बाजूने कापलेल्या कागदांच्या थप्प्या बाहेर यायच्या. मशीन परदेशातून जुनं म्हणून आणलेलं. त्याचं मूळचं नियंत्रण, म्हणजे कुठली मोटर कधी सुरू आणि कधी बंद हे ठरवणारं कपाट, आल्या आल्याच जळालं होतं. कंपनीचा परदेशी माणूस बोलावण्याची शेठची तयारी नव्हती. तेव्हा भाऊजींनी स्वतः, शेडच्या कोपऱ्यात बसून, सहा महिन्यांत नवं पॅनल उभं केलं. आमच्या बेलवलीच्या घरातल्या स्वयंपाकघरात मावलं नसतं एवढं मोठं. आत नव्वद-पंच्याण्णव रिले. रिले म्हणजे विजेने खाली-वर होणारा खटका. एक उचलला की तो दुसऱ्याला उचलतो, दुसरा तिसऱ्याला बसवतो, आणि या उठाबशांतून मशीन चालतं. पॅनल चालू असताना शेजारी उभं राहिलं की टाइपरायटिंगच्या क्लासात आल्यासारखं वाटे.

या पॅनलचं पहिलं वैशिष्ट्य असं की आतली सगळी वायर पिवळी होती. सगळी. काम काढलं तेव्हा उल्हासनगरच्या एका दुकानात पिवळ्या वायरची भेंडोळी पडून होती, ती शेठनी ढिगाने उचलली. इतर ठिकाणी लाल म्हणजे अमुक, काळी म्हणजे तमुक, असं काही असतं. इथे दार उघडलं की समोर शेवयांचा डोंगर. दुसरं वैशिष्ट्य म्हणजे ड्रॉइंग नव्हतं. कोणी विचारलं तर भाऊजी म्हणत, "आहे की," आणि हाताची पाठ आपल्या कपाळाला लावत. तिसरं वैशिष्ट्य मात्र जगात कुठेच नसेल. जगभर रिलेंना नंबर असतात. भाऊजींनी त्यांना नातेवाईक केलं होतं. प्रत्येक रिलेखाली पांढऱ्या ऑइलपेंटने, बारीक ब्रशने, नाव घातलेलं.

पहिल्या रांगेतला पहिला रिले 'सासरे'. ते उचलल्याशिवाय पुढचा एकही हलत नसे, आणि उचलल्यावर ते स्वतः काहीही करत नसत. आमच्या दोघांचे सासरे एकच असल्यामुळे हे किती अचूक आहे ते मला तत्काळ पटलं. 'काका' जरा लोड वाढला की मध्ये पडून सगळं काम बंद पाडत. 'आत्याबाई' एकदा सुरू झाल्या की थांब म्हटल्यावर लगेच थांबत नसत. 'धाकटी' नावाचा एक रिले चिकटताना थरथरायचा, एकदा सांगायचं ते तीनदा सांगायचा. धाकटी म्हणजे माझी बायको. हे मी घरी सांगितलं नाही. मशीन अडलं की भाऊजी पॅनलचं दार न उघडता, डोळे मिटून, नुसते ऐकत उभे राहत. दोन मिनिटांनी म्हणत, "मावशी उशिरा बोलली." दार उघडत, मावशीचा स्क्रू अर्धा आटा आवळत, मशीन चालू. मी एकदा धीर करून विचारलं, "भाऊजी, यात मी कुठे आहे?"

"आहात ना." त्यांनी दाराच्या वरच्या कोपऱ्यातल्या हिरव्या दिव्याकडे बोट दाखवलं. "ते तुम्ही. मशीन चालू झालं की लागता. काम काही नाही, पण शोभा आहे."

मी इंजिनिअर होतो, हे इथे सांगायला हवं. कारण तो दिवा त्या पदवीसाठी होता. नव्वदच्या दशकात बाहेरचा माल यायला लागला आणि आमच्या कंपनीने सर्वो ड्राइव्ह विकायला घेतले. सर्वो ही मोठी हुशार चीज. मोटर किती फिरायची, कुठे थांबायची, हे केसाइतक्या अचूकपणे पाळते. सांगाल तेवढंच करते आणि सांगितल्या क्षणी करते. या गुणांमुळेच पुढचा अनर्थ झाला. भाऊजींच्या कारखान्याचे शेठ उल्हासनगरचे. साबणवाल्या गिऱ्हाइकांना आता कागद भराभर आणि छापील खुणेवर नेमका कापलेला हवा होता. शेठनी माझ्या कंपनीकडे तीन ड्राइव्ह मागितले: कागद ओढायला, पातं फिरवायला आणि थप्पी सरकवायला. पण पॅनल बदलायला ते तयार नव्हते. "देखो साईं," ते मला म्हणाले, "पुराना भी रहेगा, नया भी लगेगा. दोनो को आपस में बात करना सिखाओ." मग मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून म्हणाले, "नही जमा तो मैं पूरा नया कंप्यूटरवाला मशीन लाएगा. फिर ये पॅनल भंगार में. और पॅनल गया तो तुम्हारे साडू का मैं क्या करूँ? तुम बोलो."

भाऊजींच्या निवृत्तीला चार वर्षं होती आणि मुलगी कॉलेजात होती. बायकोने मला दारातच बजावलं, "ताईच्या घराचं बघून काम करा. हुशारी दाखवायला जाऊ नका." हे वाक्य तिने नेमकं ज्या माणसाला सांगायचं त्यालाच सांगितलं होतं, पण माझ्या कानावरून गेलं.

भाऊजींना ड्राइव्ह पाहताक्षणी नावडला. करड्या रंगाचा डबा, समोर लाल आकडे. त्यांनी उलटा हात लावला, कान लावला आणि तोंड वाकडं केलं. "आवाजच नाही हो. काम करतंय की झोपलंय, कळायचं कसं?" मी म्हणालो, काही बिघडलं तर तो स्वतः आकडा दाखवतो. सात आला तर अमुक, अकरा आला तर तमुक. "म्हणजे पुस्तक उघडून बघायचं?" ते म्हणाले. "उद्या बायको आजारी पडली तर ती 'अकरा' म्हणणार आणि मी पुस्तक शोधणार. छान." तरीही ते माझ्याबरोबर तीन आठवडे राबले. मी प्रत्येक वायरला नंबराची चिमुकली नळी चढवत होतो, आणि ते माझ्यामागून येऊन दर नळीला एक दीर्घ उसासा देत होते.

चाचणीच्या दिवशी शेठ पेढे घेऊन आले. नारळ फुटला. मशीनवर जवळच्या सोनिवली गावाहून येणारा ऑपरेटर होता, पाच-सहा वर्षं त्याच मशीनवर असलेला, चांगला हाताचा माणूस. त्याने हिरवं बटण दाबलं. सासरे उचलले, काका गप्प राहिले, धाकटी थरथरली आणि कागद असा सुळकन धावला की शेठनी टाळी वाजवली. थप्प्या पडू लागल्या. मी ऐटीत हात वर करून म्हणालो, "आता थांबवा." ऑपरेटरने लाल बटण दाबलं. आणि मशीन थांबलं नाही. दोन सेकंदं, फक्त दोन सेकंदं, कागद येतच राहिला. पण जुन्या मशीनची दोन सेकंदं वेगळी आणि सर्वोची वेगळी. थप्पीचा पट्टा थांबला होता, त्यामुळे कागदाला जायला जागा नव्हती, आणि तो सगळा शेठच्या अंगावर आला. त्या साबणाच्या कागदावर एका हसऱ्या बाईचं चित्र छापलेलं असे. शेठ गुडघ्यापर्यंत हसऱ्या बायांत उभे होते, हातात पेढ्यांचा बॉक्स.

"कागूद निसता पान्यासारका आयला ना साहेब," ऑपरेटर म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं.

शेठ पेढ्यांचा बॉक्स तसाच घेऊन निघून गेले, तेव्हा मी भाऊजींवर उखडलो. "स्टॉप दाबल्यावर सिग्नल दोन सेकंद राहतो कसा?"

"राहणारच. आत्याबाई आहेत."

"पण कशाला आहेत?"

"जुना ब्रेक हळू धरायचा. लगेच थांबवलं की शेवटचा कागद अर्धा कापला जायचा. म्हणून दोन सेकंद दिली."

"मग हे मला आधी सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलंत?" भाऊजी म्हणाले. "तुम्ही नळ्या चढवत होतात."

मी आवाज उतरवून विचारलं, अशा जुन्या खोडी झाकण्यासाठी घातलेल्या आणखी किती आत्याबाई आत आहेत? भाऊजी बोटांवर मोजू लागले. एक हात संपला, दुसरा संपला, मग त्यांनी ऑपरेटरच्या हातांकडे पाहिलं. वीस-बावीस वर्षांत मशीनचा एकेक भाग म्हातारा होत गेला होता, आणि दर म्हातारपणासाठी भाऊजींनी पॅनलमध्ये एकेक सवलत देऊन ठेवली होती. जुन्या मशीनला त्या सवलती हव्या होत्या. माझ्या तरण्याबांड ड्राइव्हला त्यांतली एकही चालणार नव्हती. कुठली ठेवायची आणि कुठली काढायची हे ठरवायला सबंध पॅनल कागदावर काढणं भाग होतं.

आणि इथे भाऊजी अडले. आधी म्हणाले वेळ नाही. मग म्हणाले चष्मा बदलायचाय. मग म्हणाले, पितृपक्ष चालू आहे, नवीन काम कशाला. पितृपक्ष संपून नवरात्र बसलं होतं. मी चिडून त्यांच्या घरी गेलो, तर ते कोणाचीतरी इस्त्री बघायला गेलेले. ताई कणीक मळत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "तुम्हाला राग येतो ते बरोबर आहे. पण ते सगळं कागदावर आलं की यांना कोण विचारणार, हेही बघा ना. डोक्यात आहे तोवर यांची गरज आहे."

ड्रॉइंग झालं नाही तर मशीन चालणार नाही, पॅनल भंगारात आणि भाऊजी घरी. ड्रॉइंग झालं तर भाऊजींच्या डोक्यातलं कागदावर, आणि कागद शेठच्या टेबलावर. मी चहा पिऊन परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी स्टूल घेऊन पॅनलसमोर बसलेले होते. "काढा," ते म्हणाले. "पेन्सिलीने काढा आधी. भंगारात जाण्यापेक्षा कागदावर गेलेलं बरं. शिवाय तुमचीही नोकरी आहे."

माझ्या साहेबांनी मला या कामावरून दम भरला होता, हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. बायकोने ताईंना सांगितलं असणार.

पुढचे आठ दिवस मी जे डिक्टेशन घेतलं तसं कोणत्याही इंजिनिअरने घेतलं नसेल. "लिहा. सासरे वर आले. आता आत्याबाई वर येऊ बघतात, पण काका बसलेले असतील तरच. काका उभे असले तर आत्याबाई येत नाहीत."

"का?"

"सत्त्याहत्तर साली पातं अडकलं होतं. तेव्हापासून त्यांचं एकमेकांशी पटत नाही."

मी लिहून घेई, रेघा मारी आणि आत्याबाईंना के-सतरा करी. ते पाहून भाऊजींना खरोखरच वाईट वाटलं. "आत्याबाईंना के-सतरा म्हणता? समोर म्हणून दाखवा." दुपारी कँटीनमध्ये पोहे खाताना मध्येच घास थांबवून म्हणत, "मावशीला चार नव्हे, पाच वायरी आहेत. पाचवी मागून जाते. गेल्या दिवाळीत घातलीय." मग आम्ही पोहे सोडून बघायला जात असू, आणि पाचवी वायर मागून जात असे. एवढं पिवळं जंजाळ, पण त्यांनी एकदाही वायर ओढून पाहिली नाही. नुसतं बोट ठेवत. मी मात्र मनातल्या मनात हिशेब मांडत होतो की हे सगळं आपल्या नावाखाली किती सुबक दिसेल. हिशेब चुकला नाही. चौदा पानं झाली. ट्रेसिंग पेपरवर शाईने काढलेली, टाकाने अक्षरं घातलेली. आजही मला त्या अक्षराचा अभिमान वाटतो, आणि वाटतो याची लाजही वाटते.

त्या ड्रॉइंगवरून आम्ही अकरा सवलती काढल्या, सहा ठेवल्या, धाकटीचं थरथरणं गाळायला एक छोटंसं सर्किट घातलं. दुसऱ्या चाचणीला शेठ लांब, दाराजवळ उभे राहिले. मशीन सुरू झालं, पळालं, थांब म्हटल्यावर थांबलं. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. दिवसभरात एकही कागद वाकडा कापला गेला नाही. ड्राइव्हच्या आकड्यात दिवसभर शून्य. भाऊजींनी ड्राइव्हला उलटा हात लावला आणि म्हणाले, "गुणी आहे. बोलत नाही एवढंच."

संध्याकाळी शेठच्या केबिनमध्ये मी ते चौदा पानांचं बाड उलगडलं. भाऊजी माझ्या शेजारी उभे होते. शेठनी एकेक पान हळूहळू उलटलं, त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण सुबकपणा कळत होता. मग त्यांनी विचारलं, "ये नक्शा देखके मशीन कौन कौन रिपेअर कर सकता है?"

काय झालं होतं मला, देव जाणे. मी छाती पुढे काढून म्हणालो, "कोणीही, शेठ. कालचा आयटीआयवाला आला तरी."

भाऊजींनी पुढे वाकून चौथं पान जवळून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "अक्षर छान आहे साडूभाऊंचं."

दिवाळीनंतर महिन्याभरात शेठनी भाऊजींना शाल, श्रीफळ आणि घरी आराम करण्याचा सल्ला दिला. रीतसर, गोड बोलून. माणूस वाईट नव्हता. त्याच आठवड्यात कंत्राटी इलेक्ट्रिशियन आला. चुणचुणीत मुलगा होता. त्याच्या हातात माझं ड्रॉइंग होतं. मला शेठनी पुढच्या दोन मशीनचं काम दिलं, साहेबांनी पाठ थोपटली. बायको माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ते न बोललेलंच बरं होतं. ताई मात्र पूर्वीसारख्याच वागल्या, आणि ते जास्त लागलं. भाऊजींनी पंधरा दिवसांत बिल्डिंगमधले सगळे मिक्सर, सगळे गिझर, सगळ्या डोअरबेल दुरुस्त केल्या आणि मग बिघडलेलं काही उरलं नाही. तेव्हा ते चालू पंखे उतरवून पुन्हा बसवायला लागले. शेजारीपाजारी दार उघडेनासे झाले.

एका रविवारी सकाळी ते एकटेच बेलवलीला आमच्याकडे आले. काखेत गुंडाळी. ड्रॉइंगची एक प्रत मी त्यांना बाइंडिंग करून भेट दिली होती, तीच. एवढी अक्कल मला होती की ती त्यांच्या हातात द्यावी. देताना तोंड कसं करावं एवढी नव्हती. त्यांनी टेबलावर चौथं पान पसरलं आणि एका जागी बोट ठेवलं.

"इथे चुकलंय तुमचं."

पात्यावर जाळीचं एक झाकण होतं. ते उघडलं की खटका पडून आधी पातं थांबे, मग कागद. मी ड्रॉइंगमध्ये तो खटका फक्त कागद ओढणाऱ्या ड्राइव्हला जोडलेला दाखवला होता. पात्याची रेघ राहिली होती. शाईने काढताना माझी नजर एका ओळीवरून निसटली होती.

"मशीनमध्ये बरोबर आहे," भाऊजी म्हणाले. "मी जोडलंय, चुकणार नाही. पण उद्या तिथली वायर तुटली, आणि तो नवा पोरगा तुमचं बघून जोडायला गेला, तर झाकण उघडल्यावर कागद थांबेल. थांबलं असं वाटेल. पातं चालू असेल. तो सोनिवलीवाला हात घालेल ना आत."

मी विचारलं, "भाऊजी, हे तुम्हाला कधी दिसलं?"

"केबिनमध्ये. तुम्ही शेठना दाखवत होतात तेव्हा."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

बायकोने चहा आणून ठेवला, तो त्यांनी बाजूला सरकवला.

"नाही बोललो," ते म्हणाले. "वाटलं, राहू दे. आज ना उद्या अडेल कुठेतरी, मग बोलावतील मला. महिना दीड महिना तसंच वाटत राहिलं. खोटं कशाला सांगू? पण परवा स्टेशनवर तो भेटला. ऑपरेटर. पाया पडला माझ्या. मुलगी झालीय त्याला." मग एकदम चिडून म्हणाले, "पेन काढा की आता. बसलात काय?"

मूळ ट्रेसिंग माझ्या कपाटात होतं. मी ब्लेडने शाई खरवडली, राहिलेली रेघ काढली. खरवडलेल्या जागी शाई जरा पसरली, त्यामुळे ती रेघ बाकीच्या रेघांइतकी सुबक आली नाही. भाऊजींनी ते पान खिडकीच्या उजेडात धरून खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग उरलेली तेरा पानंही पाहिली. "आता बरोबर आहे," म्हणाले, गार झालेला चहा प्यायले आणि निघाले. बायकोने जेवून जा म्हटलं, तर म्हणाले, तुझी ताई वाट बघत असेल.

सोमवारी मी कारखान्यात जाऊन चौथं पान बदललं. शेठनी विचारलं, "क्या हुआ साईं? नक्शे में कुछ गलत था?" भाऊजी त्या वेळी घरी बसून आहेत, हे मला माहीत होतं. नुसतं एवढंच म्हणायचं होतं की होय, चूक होती, माझी होती, आणि ती एकाच माणसाला दिसली. असा माणूस घरी बसवू नका. तेवढ्यावर शेठनी त्यांना परत बोलावलं असतं की नाही, सांगता येत नाही. कदाचित बोलावलं असतं. मी म्हणालो, "काही नाही शेठ, प्रिंट जरा फिकट आली होती."

भाऊजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या सोमवारनंतरही ते आमच्याकडे सणावाराला येत राहिले, माझ्या मुलाला बॅटरीवरची मोटर करून देत राहिले, मला साडूभाऊच म्हणत राहिले. शेठना काय सांगितलंत, हे त्यांनी मला कधीच विचारलं नाही.